आई-बाबांना छोट्या विमानातून न्यायचंय, पालो आल्टोहून जवळ कुठे जावं? बे एरियातले पायलट लोक, सांगा जरा

हापूस_१७२
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात चेकराइड (लायसन्सची उड्डाण परीक्षा) पास झाले, प्रायव्हेट पायलट लायसन्स मिळालं. पालो आल्टोला शिकले, तिथलीच सेसना १७२एस (चार सीटचं छोटं विमान) भाड्याने घेऊन उडवते. आता आई-बाबा येतायत, ऑगस्टच्या शेवटी येतील आणि दिवाळी करूनच परत जातील. आणि मला माझे पहिले पॅसेंजर म्हणून त्यांनाच न्यायचंय, हे शिकायला सुरुवात केली तेव्हापासून डोक्यात आहे.

आम्ही देवगडचे. बाबांचं आयुष्य बंदराच्या आसपास गेलं, चिपी विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला तेव्हा मुद्दाम विमान उतरताना बघायला गेले होते, त्यामुळे त्यांची काळजी नाही, ते आत्ताच फोनवर विचारतात की तुझ्या विमानाला किती सिलेंडर आहेत. आईचं वेगळं आहे. तिला फोंडा घाटात एसटीत हमखास उलटी होते, त्यामुळे ती "तुम्ही जाऊन या, मी खाली बसते" म्हणतेय पण मला माहितीये की तिला यायचंय.

तर कुठे जावं? उतरून काहीतरी खाऊन, थोडं फिरून परत, असं हवंय. माझ्या डोक्यात हाफ मून बे आहे कारण समुद्र, बंदर, मासे. इन्स्ट्रक्टर म्हणाला चांगलं आहे पण धुक्याचं बघ. सकाळी जावं की दुपारी? पुढच्या सीटवर कोणाला बसवावं? नवराही येईन म्हणतोय, म्हणजे चार माणसं झाली, ते जमतं का नीट? ज्यांनी आपल्या घरच्यांना नेलंय त्यांनी अगदी बारीकसारीक सांगितलं तरी चालेल, तेच हवंय.


टेलविंड
सगळ्यात आधी मनापासून अभिनंदन. बे एरियात राहून, नोकरी करून लायसन्स पूर्ण करणं सोपं नाहीये, अर्धे लोक सोलो झाल्यावर सोडून देतात.

हाफ मून बेच कर. दुसरीकडे कुठे शोधू नकोस, देवगडच्या माणसाला दाखवायला याच्याइतकी चांगली जागा इथे नाही. पालो आल्टोहून सरळ रेषेत १८-१९ नॉटिकल मैल आहे, म्हणजे टेकऑफपासून लँडिंगपर्यंत पंधरा-वीस मिनिटं, आईला त्रास व्हायला लागेपर्यंत तू उतरलेली असशील. रनवे ५००० फूट लांब आहे. तुला पालो आल्टोच्या २४४३ फुटांची सवय आहे त्यामुळे तिथे तुला मैदान मिळाल्यासारखं वाटेल. टॉवर नाहीये, ते पुढे सांगतो. उतरलीस की चालत पिलर पॉइंट हार्बर, रमतगमत वीसेक मिनिटं, सपाट रस्ता. मासेमारीच्या बोटी लागलेल्या असतात, धक्क्यावर काही बोटवाले ताजी मासळी थेट बोटीवरून विकतात, बाबांना तिथून हलवणं तुला कठीण जाईल. जेवायला हार्बरवर दोन-चार ठिकाणं आहेत, तळलेले मासे आणि चिप्स, क्लॅम चावडर वगैरे.

आता धुकं. इन्स्ट्रक्टरचं बरोबर आहे, सगळा खेळ त्याचाच आहे. इथल्या किनाऱ्याचं पाणी उन्हाळ्यातसुद्धा थंडगार, खालचं गार पाणी वर येत राहतं, आणि सेंट्रल व्हॅली तापली की ती समुद्रावरची दमट हवा आत ओढते. म्हणून जून, जुलै, ऑगस्टमध्ये पालो आल्टोला लख्ख ऊन आणि डोंगरापलीकडे हाफ मून बे दिवसभर ढगाखाली, असं किती वेळा होतं. बऱ्याचदा ढग दुपारी अकरा-बारापर्यंत मागे सरतो, समुद्रावर जाऊन बसतो, आणि चार-पाचला परत येतो. काही दिवस सरतच नाही. तू इन्स्ट्रुमेंट रेटेड नाहीस (बाहेरचं न दिसता फक्त उपकरणांवर उडवायची परवानगी नाही), त्यामुळे त्या ढगातून खाली जायचा प्रश्नच येत नाही. क्लास ई हवाई हद्दीत ढगापासून ५०० फूट खाली, १००० फूट वर, २००० फूट बाजूला आणि ३ मैल व्हिजिबिलिटी हे तुला पाठ असेल, पण किनाऱ्यावर गेल्यावर या आकड्यांच्या जवळपास जाऊच नकोस, तिथे धुकं विमानापेक्षा लवकर निर्णय घेतं.

म्हणून माझं म्हणणं असं की ऑगस्टच्या शेवटी आले म्हणून लगेच पहिल्या वीकेंडला नेऊ नकोस. सप्टेंबरचा दुसरा अर्धा आणि ऑक्टोबर हे किनाऱ्याचे खरे चांगले दिवस. व्हॅलीची गरमी उतरते, ओढ कमी होते, मधूनमधून वारा उलटा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि मग हाफ मून बेला असं स्वच्छ आकाश असतं की फॅरेलॉन बेटं दिसतात. ते दिवाळीपर्यंत आहेत ना, मग घाई कशाला. दोन-तीन तारखा धरून ठेव, विमान बुक करून ठेव, आणि जो दिवस लागेल तो लागेल.

बघायचं काय काय ते सांगतो. मेटार आणि टाफ (विमानतळाचं आत्ताचं हवामान आणि पुढचा अंदाज) तर बघशीलच, पण त्याबरोबर गोज-वेस्ट सॅटेलाइटचा व्हिजिबल फोटो लूपमध्ये लावून बघ, ढगाची कड सकाळी आठला कुठे होती आणि दहाला कुठे सरकली हे डोळ्याला दिसतं. टेंपरेचर आणि ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला धुकं धरतं) यांच्यातला फरक दोन-तीन डिग्रीवर आला आणि कमीच होत चालला तर मी जात नाही. पिलर पॉइंटकडे सर्फिंगवाल्यांचे वेबकॅम असतात ते बघ, मॅव्हरिक्सची लाट तिथेच फुटते ना. आणि विमानात बसल्यावर सगळ्यात खरी खूण म्हणजे क्रिस्टल स्प्रिंग्ज तलावांच्या वरची डोंगररांग. ढग त्या कड्यावरून अलीकडे सांडायला लागलेला दिसला की तिथूनच मागे वळ, पुढे जाऊन बघूया तरी असं नको.

वाटेत आई-बाबांना दाखवायला भरपूर आहे. उडाल्या उडाल्या मॉफेट विमानतळाचा तो प्रचंड हँगर वन, १९३० च्या दशकात नेव्हीच्या यूएसएस मेकन या एअरशिपसाठी बांधलेला, खाडीच्या टोकाची मिठागरं, काही लालसर काही हिरवी, (बाबा मिठागरं लगेच ओळखतील), मग स्टॅनफर्डचा हूवर टॉवर, आणि डोंगराजवळ आलीस की क्रिस्टल स्प्रिंग्जचे लांबट तलाव. ते तलाव सॅन अँड्रियास फॉल्टच्या दरीत बसलेत. १९०६ चा भूकंप ज्या भेगेवर झाला ती खालून गाडीतून जाताना कळत नाही, वरून मात्र सरळ आखल्यासारखी दिसते, हे बाबांना आधी सांगून ठेव म्हणजे ते शोधतील.

पालो आल्टो ग्राउंडलाच फ्लाइट फॉलोइंग (रडारवरून लक्ष ठेवायची सेवा) मागून घे. सॅन कार्लोसची हद्द आणि एसएफओच्या (सॅन फ्रान्सिस्को विमानतळाच्या) क्लास बी हद्दीचे शेल्फ, म्हणजे वरचे थर, दोन्ही जवळ आहेत, नॉरकॅल (इथलं रडार कंट्रोल) तुझ्यावर नजर ठेवून असलेलं बरं.


डेन्सिटी
टेलविंड भाऊंशी ऐंशी टक्के सहमत. पण एक मुद्दा सुटला. पोट नाजूक असलेल्या माणसाला सकाळी न्यावं असं आपण सगळेच सांगतो, कारण सकाळी हवा स्थिर असते, ऊन चढलं की डोंगरावर उसळ्या सुरू होतात. आणि हाफ मून बे सकाळी धुक्यात. म्हणजे धुकं जाईपर्यंत थांबलीस तर नेमकी हवा खवळायच्या वेळेला तू डोंगर ओलांडणार. दुपारी पश्चिमेचा वारा १५ नॉटच्या वर गेला की रांगेच्या अलीकडच्या, म्हणजे बेच्या बाजूला चांगलं हिंदकळायला होतं, वारा डोंगरावरून खाली कोसळतो ना. परत येताना तर उतरायच्या आधी शेवटी तेच मिळतं. फोंडा घाट वाल्या आईला ते नको.

त्यामुळे मी म्हणेन की आईची पहिली फ्लाइट आतल्या बाजूला कर. कोलंबिया बघ. सिएराच्या पायथ्याला, पालो आल्टोहून साधारण ८८ नॉटिकल मैल, पाऊण ते एक तास. विमानतळाहून पायी जुन्या कोलंबिया गावात जाता येतं, सोन्याच्या शोधात लोक आले त्या काळातलं गाव स्टेट हिस्टॉरिक पार्क म्हणून जपलंय, घोडागाडी चालते, सोनं गाळायला बसवतात, आई-बाबांच्या वयाच्या लोकांना फार आवडतं. धुक्याचा प्रश्न नाही. फक्त उंची २११८ फूट आहे आणि सप्टेंबरच्या सुरुवातीलासुद्धा तिथे ३५ डिग्री असू शकतं, तेव्हा डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) ५००० फुटांच्या आसपास जातो. चार माणसं घेऊन दुपारी तिथून निघायचं म्हणजे परफॉर्मन्सचे तक्ते नीट काढ. सकाळी सातला निघून अकराच्या आत परत निघालं तर उत्तम.


टेलविंड
हवेचा मुद्दा बरोबर आहे, मान्य. पण डेन्सिटी, घाटात उलटी होणाऱ्या बाईला पहिल्याच वेळी तास-तास विमानात बसवायचं? मध्ये उतरायला जागा शोधावी लागली तर व्हॅलीत सगळीकडे एअरपोर्ट आहेत हे खरं, पण ती स्वतः घाबरली की पुढचा प्रवास सगळ्यांचाच जातो. पंधरा मिनिटं थोडं हललं तरी माणूस सहन करतो. ऑक्टोबरमध्ये उलट्या वाऱ्याचा दिवस पकडला की सकाळी नऊलाच हाफ मून बे मोकळं मिळतं आणि हवाही शांत, तेव्हा दोन्ही साधतं. असे दिवस मोजके असतात पण असतात. फक्त त्या दिवशी डोंगरावर वारा जोराचा नाही ना हे बघायचं, उलटा वारा जोरात असला तर पलीकडच्या बाजूला, म्हणजे नेमकं लँडिंगच्या वेळी हेलकावे मिळतात.

आणि ऑक्टोबरमध्ये दोन गोष्टी लक्षात ठेव. एक, महिन्याच्या मध्याला हाफ मून बेला भोपळ्यांचा मोठा फेस्टिव्हल असतो, हायवे ९२ अक्षरशः जाम होतो. वरून बघायला मजा आहे पण हार्बरवर जेवायला जागा मिळत नाही. दोन, शनिवारी स्टॅनफर्डची फुटबॉल मॅच. ३०,००० च्या वर क्षमतेच्या स्टेडियमभोवती कॉलेज फुटबॉलच्या मोठ्या मॅचला सुरू व्हायच्या तासभर आधीपासून संपल्यावर तासभर, ३ नॉटिकल मैल आणि जमिनीपासून ३००० फुटांपर्यंत बंदी लागते, आणि स्टॅनफर्ड स्टेडियम पालो आल्टो रनवेपासून ३ मैलांच्या आतच आहे. टॉवरशी बोलत नेहमीच्या पद्धतीने येता-जाता येतं, पण नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) वाचून जा आणि त्या दिवशी कॅम्पसवरून चक्कर मारून हूवर टॉवर दाखवायचा बेत मात्र सोड.


आजोळ
विमानाचं हे लोक सांगतीलच, मी आईचं सांगते. मी सासू-सासऱ्यांना आणि नंतर माझ्या आईलाही नेलंय, लिव्हरमोरहून.

पहिलं म्हणजे साडी नको. १७२ ला पाय ठेवायची ती छोटी पायरी चाकाच्या दांडीवर असते, तिथून वाकून पंखाखालून आत शिरायचं असतं, साडीत पाय उचलला जात नाही. सलवार-कमीज किंवा पँट, आणि सपाट चप्पल नाही, बूट. आईचे केस लांब असतील आणि त्या अंबाडा घालत असतील तर आदल्या दिवशीच सांग की अंबाडा खाली मानेवर घाल किंवा वेणी घाल, कारण हेडसेटचा पट्टा बरोबर अंबाड्यावर येतो आणि मग कानावर नीट बसत नाही, आवाज आत येतो आणि डोकं दुखायला लागतं. कुड्या काढून ठेवायला सांग, कानाच्या गादीखाली दाबल्या जातात. चष्म्याची काडी बारीक असेल तर चालतं.

घरी आधी सोफ्यावर बसवून हेडसेट घालून दे. माइक ओठाला लागेल इतका जवळ ठेवायचा हे त्यांना विचित्र वाटतं. माझ्या सासूबाई लांब ठेवायच्या आणि मग त्यांना वाटायचं आपलं कोणी ऐकत नाही.

उलटीसाठी आल्याची वडी, आवळा सुपारी, काय चालतं ते. त्या भारतातून येताना अवोमिन आणतीलच, ती घ्यायची तर त्यांच्या बाकीच्या गोळ्यांबरोबर चालते का हे डॉक्टरांना विचारून, आणि ती निघायच्या बरीच आधी घ्यावी लागते, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, शिवाय झोप येते. उपाशी पोटी अजिबात नेऊ नकोस, आपल्या बायका प्रवास आहे म्हटलं की काही खात नाहीत. दोन पोळ्या खाऊ दे. झिपलॉकच्या पिशव्या सीटच्या खिशात ठेव पण दाखवू नकोस, दाखवल्या की मळमळतं. वरच्या हवेच्या झरोक्याचं तोंड त्यांच्याकडे कर.

आईला पुढे बसव. पुढे क्षितिज दिसतं, मागे बसून बाजूला बघितलं की जास्त गरगरतं. येताना बाबांना पुढे घे, नाहीतर ते मनात ठेवतील. पुढे बसणाऱ्याला दोन गोष्टी ठामपणे सांग, पायाखालचे पेडल आणि समोरचा योक (विमानाचं स्टिअरिंग) या दोन्हींना हात-पाय लावायचा नाही, दचकलं तरी. धरायला हवंच असेल तर सीटची कड धरा.

आणि आवाजांचं आधी सांगून ठेव. लँडिंगला चाकं टेकायच्या जरा आधी स्टॉल वॉर्निंग (वेग फार कमी झाल्याचा इशारा) वाजतं, पिपाणीसारखं, मला त्यात काही वाटत नाही कारण ते वाजणं बरोबर आहे, पण आईला वाटलं काहीतरी बिघडलं. दाराचंही सांग, १७२ चं दार कधीकधी उडताना किलकिलं उघडतं, हवा आणि आवाज येतो, विमान व्यवस्थित उडत राहतं, त्यांनी ओढायला जायचं नाही, तू उतरल्यावर बघशील. पॉवर कमी केलीस की आवाज पडतो तेव्हाही लोक दचकतात, म्हणून मी दर वेळी आधी बोलते, आता आवाज कमी होईल हं.

लघवीला जाऊनच निघायचं. पाणी घोट घोट.


बारामती_अल्फा
ताई अभिनंदन! मी इकडे बारामतीत ट्रेनिंग करतोय सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) साठी, हे सगळं वाचून फार भारी वाटलं. इकडे असं उठावं, विमान घ्यावं, शेजारच्या गावी मासे खाऊन यावं हे जवळपास नाहीच. एका विमानतळावरून दुसरीकडे जायचं तर फ्लाइट प्लॅन भरा, एअर डिफेन्सचा एडीसी नंबर घ्या, आणि उतरायच्या ठिकाणी परवानगी आणि इंधन आहे का बघा, कारण लहान ठिकाणी अवगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) मिळतच नाही. त्यामुळे हौसेने उडवणारे फार कमी, बहुतेक सगळे एअरलाइनच्या वाटेवर.

बाबांना एक गोष्ट सांगा, त्यांना आवडेल. जेआरडी टाटांना १० फेब्रुवारी १९२९ ला भारतातलं पहिलं लायसन्स मिळालं, आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला ते कराचीहून टपाल घेऊन एकट्याने पुस मॉथ उडवत अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. त्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९८२ मध्ये, ७८ व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास पुन्हा स्वतः लेपर्ड मॉथ उडवून केला. तुम्ही ऑक्टोबरमध्येच नेताय तर १५ तारीख जमली तर बघा.

एक विचारायचं होतं, टॉवर नसताना तिकडे कोण कोणाला सांगतं की आधी कोणी उतरायचं?


टेलविंड
अल्फा, चांगला प्रश्न आणि हापूसलाही तेच सांगायचं राहिलं होतं. कोणी सांगत नाही, आपणच एकमेकांना सांगायचं. सीटॅफवर (त्या विमानतळाच्या सगळ्यांच्या सामायिक रेडिओ फ्रिक्वेन्सीवर) आपण कुठे आहोत, किती उंचीवर, काय करणार हे बोलत राहायचं आणि डोळे बाहेर ठेवायचे. हाफ मून बेची फ्रिक्वेन्सी १२२.८, आणि हीच आजूबाजूचे बरेच एअरपोर्ट वापरतात, त्यामुळे गडबड असते. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी "हाफ मून बे" म्हणायचं ते याच्यासाठी. रेडिओ नसलेलं विमानही कायद्याने तिथे येऊ शकतं, म्हणून फक्त कानावर भरवसा नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये वॉट्सनव्हिलला, आपल्या दक्षिणेला, पॅटर्नमधली (उतरण्याआधी विमानतळाभोवती मारायच्या ठरलेल्या चकरेतली) सेसना १५२ आणि मागून सरळ वेगात येणारी दोन इंजिनांची सेसना ३४० धडकली, तीन माणसं गेली. दोघंही रेडिओवर बोलत होते. म्हणून हापूस, तिथे पोचलीस आणि कोणी लांबून सरळ फायनलवर (रनवेच्या रेषेत उतरायला) येतोय असं ऐकलंस तर त्याचा वेग किती असेल याचा अंदाज धरून चाल, शंका आली तर पॅटर्नमधून बाहेर पड, एक मोठी चक्कर मारून ये. घरच्यांना सांग की दहा मैलांवर आल्यापासून इंजिन बंद होईपर्यंत गप्पा नाहीत, मात्र दुसरं विमान दिसलं तर लगेच बोट दाखवा. बाबांना हे काम दे, मन लावून करतील. पॅटर्न कुठल्या बाजूने आणि आवाजाबद्दल काय विनंत्या आहेत ते चार्ट सप्लिमेंटमध्ये (विमानतळांच्या माहितीपुस्तिकेत) बघून जा, खाली वस्ती आहे, लोकांना त्रास होतो आणि त्यांचं ऐकायला हवं.


हापूस_१७२
किती छान सांगताय सगळे, आजोळ ताई तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवतेय. अंबाड्याचं माझ्या लक्षातच आलं नसतं आणि आई अंबाडाच घालते. हाफ मून बे नक्की, सप्टेंबरच्या शेवटापासून तारखा धरते, आणि कोलंबिया बाबांबरोबर नंतर.

वजनाचं कोणी सांगेल का? मी १३५ पौंड, नवरा १७५, बाबा १६५, आई १४५. या विमानाचा यूजफुल लोड (माणसं, सामान आणि इंधन मिळून चालणारं वजन) ८७० पौंड आहे. आणि ऑफिसातले मित्र म्हणतायत आम्हालाही ने, विमानाचे पैसे आम्ही देतो, ते चालतं का?


डेन्सिटी
वजन मी सांगतो. चौघांचे मिळून ६२० झाले. पर्स, कॅमेरा, पाण्याच्या बाटल्या, हेडसेटच्या पिशव्या असं १५ तरी धर, ६३५. उरले २३५ पौंड. अवगॅस गॅलनला ६ पौंड, १७२एस मध्ये वापरता येणारं ५३ गॅलन, म्हणजे पूर्ण भरलं तर ३१८. होत नाही. टाकीच्या तोंडातल्या टॅबपर्यंत भरलं तर ३५ गॅलन, २१०, एकूण ८४५. बसतं, २५ पौंड शिल्लक. पंधरा-वीस मिनिटं जायचं आणि तेवढंच यायचंय, दिवसा व्हीएफआरला (बाहेर बघत उडवताना) कायद्याने अर्ध्या तासाचं राखीव लागतं, ३५ गॅलनमध्ये तुझ्याकडे तीन तासांच्या वरचं इंधन आहे, धुक्यामुळे लिव्हरमोरला वळावं लागलं तरी काही प्रश्न नाही. पण आधीच्या माणसाने टाक्या फुल करून ठेवल्या असतील तर काढता येत नाही, त्यामुळे आदल्या दिवशी क्लबला सांगून ठेव.

आता हे कायद्यात बसतं म्हणून करावं का? ग्रॉस, म्हणजे कमाल वजन, २५५० पौंडांच्या जवळ, समुद्रसपाटीला, स्टँडर्ड दिवशी, ५० फुटांचा अडथळा धरून पुस्तकातलं शॉर्ट फील्ड टेकऑफ अंतर १६३० फूट आहे. पालो आल्टोचा रनवे २४४३. जमतं, पण ते आकडे नव्या विमानाचे आणि टेस्ट पायलटचे. तू आत्तापर्यंत बहुतेक इन्स्ट्रक्टरबरोबर किंवा एकटीच उडवलंयस, चार माणसांनी भरलेलं १७२ वेगळं विमान वाटतं, नाक जड नाही लागत, चढायला वेळ घेतं, फ्लेअरला (टेकायच्या आधी नाक उचलताना) बुडतं. आधी इन्स्ट्रक्टर आणि दोन धडधाकट मित्र घेऊन तेवढ्याच वजनाने पालो आल्टोत चार-सहा लँडिंग कर. किंवा पहिल्या खेपेला नवऱ्याला गाडी घेऊन हाफ मून बेला पाठव. मला हे दुसरं जास्त पटतं. विमान हलकं, आणि धुकं आत आलं किंवा आईने परत बसायला नकार दिला तर गाडी तिथे उभी आहे, तुझ्यावर परत उडायचंच असं दडपण नाही.


आजोळ
डेन्सिटीचं गाडीचं शंभर टक्के. मी सासूबाईंना परतीला गाडीनेच आणलं होतं, आणि त्यांना त्यामुळे जाताना धीर आला की आवडलं नाही तर गाडी आहे. आईला आधीच सांग की फक्त जायचंय, यायचं तू ठरव.


फाइन_प्रिंट
मित्रांच्या पैशांचं. प्रायव्हेट पायलटला पैसे घेऊन उडवता येत नाही, पण एफएएच्या (अमेरिकेतल्या विमान नियामक संस्थेच्या) नियम ६१.११३ खाली खर्च वाटून घेता येतो, इंधन, ऑइल, एअरपोर्टचा खर्च आणि विमानाचं भाडं, एवढंच, आणि तुझा समान वाटा तुला भरावाच लागतो. चौघं असाल तर किमान पाव खर्च तुझा. "सगळे पैसे आम्ही देतो" हे चालत नाही, प्रेमाने दिले तरी. शिवाय तुलाही त्या ठिकाणी जायचं असलं पाहिजे, त्यांना सोडून यायला गेलीस तर तो वेगळा विषय होतो. आणि फेसबुक ग्रुपवर "सीट आहे, कोणी येणार का" असं टाकू नकोस, एफएए त्याला लोकांना बोलावून धंदा करणं समजू शकतं. पॅसेंजर न्यायचे तर मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग हवीत, ते तुला माहिती असेलच.

त्याहून महत्त्वाचं, आई-बाबांचा व्हिजिटर्स इन्शुरन्स. हे कोणी बघत नाही. बऱ्याच पॉलिसींच्या एक्स्क्लुजनमध्ये लिहिलेलं असतं की तिकीट काढून एअरलाइनने प्रवास सोडून इतर कुठल्याही विमानात असताना झालेली इजा कव्हर नाही. पॉलिसी घ्यायच्या आधी ते पान वाच, विमा कंपनीला ईमेलवर लेखी विचार, फोनवरचं उत्तर धरू नकोस. तसंच तुझा रेंटर्स इन्शुरन्स, क्लबची पॉलिसी क्लबला वाचवते, तुला वाचवेलच असं नाही. स्वतःची नॉन-ओन्ड (भाड्याच्या विमानासाठीची) पॉलिसी घे आणि त्यात एका पॅसेंजरमागे किती मर्यादा आहे ते बघ, एकूण आकडा मोठा दिसतो पण माणशी मर्यादा त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी असते कितीदा. ते अजून आलेले नाहीत तर हे सगळं आत्ताच करून टाक.


हापूस_१७२
फाइन_प्रिंट, खूप आभार, बाबांची पॉलिसी काढायचीच होती या आठवड्यात, आता आधी ते पान बघते. नवऱ्याला गाडीचं सांगितलं, तो तयार आहे, हार्बरवर टेबल धरून ठेवतो म्हणाला. वजन भरून लँडिंगची प्रॅक्टिस पुढच्या रविवारी इन्स्ट्रक्टरबरोबर ठरवलीये. आईला अजून काही बोलले नाहीये, फक्त फोनवर विचारलं की तिकडे येताना पंजाबी ड्रेस आणतेस ना, तर म्हणाली कशाला, कुठे न्यायचंय?